शिलाई किती?

आमच्या घरात शिवणाचं मशीन आलं ते गिरणी संपामुळे. 18 जानेवारी 1982 पासून मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे संपावर गेले, आणि जुन्नर-आंबेगावातल्या कितीतरी घरांतली महिन्याची मनिऑर्डर बंद झाली. आमचे अण्णा लालबागला साचेखात्यात होते. बरेच महिने वाट पाहून ते गावी परतले. मंचरच्या अलीकडे आमची थोडी जिरायत जमीन होती. येताना त्यांनी ट्रंक, वळकटी आणि चाळीतल्या एका बिऱ्हाडाकडून विकत घेतलेलं जुनं पायमशीन एसटीच्या टपावर टाकून आणलं. आईला हातशिलाई येत होती, मशीन येत नव्हतं. पट्टा कसा चढवायचा, बॉबीन कशी भरायची हे अण्णांनीच तिला दाखवलं. साच्यावर धागा तुटला की क्षणात जोडणाऱ्या त्यांच्या बोटांना सुईत दोरा ओवणं अवघड नव्हतं.

त्या मशीनवर आईने गावातल्या निम्म्या बायकांची झंपरं शिवली. पुढे त्याच मशीनवर मी माझं कॉलेज केलं. आता घोडेगावात मी शिवणक्लास घेते आणि शिकायला येणाऱ्या बहुतेक मुली कुठे ना कुठे अकरावी-बारावीला नाहीतर बी.ए., बी.कॉम.ला असतात. त्यांच्या घरचे मला एकच सांगतात: पोरगी आपल्या पायावर उभी राहू द्या. मशीन घेऊन दिलं, क्लास लावला की ती उभी राहणार, असा त्यांचा हिशेब असतो. मला तो अपुरा वाटतो, आणि का वाटतो ते नीट सांगायचं तर मागे बरंच लांब जावं लागेल.

आईकडे मशीन होतं, हुन्नर होता, दारात गिऱ्हाईक होतं. पण कुणी विचारलं, "शिलाई किती गं?" की ती म्हणायची, "द्या काय द्यायचं ते." कुणी पाच रुपये द्यायचं, कुणी शेरभर शेंगा, कुणी पुढच्या बाजारी देते म्हणून जायचं. चुलत जावांकडून आणि नणंदांकडून तर काही घ्यायचंच नाही. अण्णा साच्यावर होते तेव्हा त्यांच्या पगाराच्या पाकिटावर आकडा लिहिलेला असायचा. आईच्या कामाचा आकडा कुठेच लिहिलेला नव्हता. माझ्या मते स्वावलंबनाची गोष्ट या आकड्यापासून सुरू होते.

आमच्या भागाचं कापडाशी नातं जुनं आहे, पण ते मुंबईमार्गे आहे. कोरडवाहू शेती आणि घाटाखाली उतरणारी वाट, यामुळे इथली माणसं गिरण्यांत गेली. आमच्या तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा बाबू गेनू सैद हा असाच एक गिरणी कामगार. 12 डिसेंबर 1930 ला काळबादेवीला परदेशी कापडाने भरलेली लॉरी अडवायला तो रस्त्यावर आडवा झाला आणि चिरडून गेला. डिंभे धरणाच्या जलाशयाला आज त्याचं नाव आहे, हुतात्मा बाबू गेनू सागर. त्याच पाण्याखाली जुनं आंबेगाव गेलं. तालुक्याला नाव देणारं गाव धरणात आणि कचेऱ्या घोडेगावात, अशी आमची स्थिती. कापड विणणं, कापड विकणं, कापडासाठी मरणं, या सगळ्याच्या नोंदी झाल्या. ते कापड घरी आल्यावर त्याचं झबलं, परकर, चोळी करणाऱ्या बाईची नोंद शोधायला गेलं तर हाताला फार थोडं लागतं.

याचं एक कारण साधं आहे. पूर्वी शिवायचं होतंच किती? लुगडं, धोतर, पटका, उपरणं, घोंगडी, सगळी न शिवलेली वस्त्रं. शिवावी लागायची ती चोळी, बाळाचं झबलं-टोपडं, कुंची, पुरुषांची बंडी किंवा बाराबंदी. आणि थंडीसाठी वाकळ. जुन्या लुगड्यांच्या घड्या एकावर एक अंथरून, कडेने धावदोरा घालत मधोमध येणारी वाकळ माझी आजी दर दिवाळीनंतर शिवायची. तिला शिवणकाम येतं असं मात्र कुणी म्हणायचं नाही. बारा बलुतेदारांच्या यादीत सुतार, लोहार, चांभार, कुंभार, न्हावी, परीट येतात; शिंपी येत नाही. माझा अंदाज असा की वर्षभर धान्य बांधून द्यावं इतकं शिवणाचं काम खेड्यात नव्हतंच. शिंपी असायचा तो पेठेच्या गावी: जुन्नर, ओतूर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव. कापड दुकानाच्या ओट्यावर त्याची बैठक. दुकानदार कापड फाडणार, शिंपी तिथेच माप घेणार. संत नामदेवांचं कुळ शिंप्याचं, म्हणून ही मंडळी स्वतःला अभिमानाने नामदेव शिंपी म्हणवतात. त्यांच्या घरातल्या बायका काज करायच्या, बटणं लावायच्या, कडा तुरपायच्या. पण शिलाई घ्यायची ती ओट्यावर बसलेल्या पुरुषाने. घरात शिवणाऱ्या बाईचा हात गिऱ्हाइकाला दिसायचा नाही आणि तिचा दर दुकानाच्या दरात मिसळून जायचा.

बी.ए.ला असताना आमचे सर आम्हांला जुन्नरच्या लेण्यांना घेऊन गेले. लेण्याद्री सगळ्यांनी पाहिलेली असते, गणपतीसाठी. मानमोडीला कमी जण जातात. तिथे महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याचा लेख आहे, वर्ष 46 चा, टाकं आणि मंडप दान दिल्याचा. जुन्नरच्या इतर लेखांत बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणी येतात, धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने दिलेल्या लेण्याची नोंद आहे. श्रेणी म्हणजे एका धंद्यातल्या लोकांची संघटना. लोक तिच्याकडे पैसे ठेव म्हणून ठेवत आणि ती व्याज देई. सरांनी मग नाशिकच्या पांडवलेण्यातला लेख समजावून सांगितला. नहपानाचा जावई उषवदात याने गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे 3,000 कार्षापण कायमचे ठेवले. 2,000 एका श्रेणीकडे, शंभराला महिना एक या दराने. 1,000 दुसरीकडे, पाऊण या दराने. पहिल्या रकमेच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी 12 कार्षापण चीवरासाठी, म्हणजे कपड्यासाठी, द्यायचे. मी वहीत गुणाकार करून पाहिला. वर्षाचं व्याज 240, आणि वीस गुणिले बारा 240. एकोणीसशे वर्षांपूर्वीचा हिशेब दमडीला जुळत होता.

मला त्या दिवशी फार भारून गेल्यासारखं झालं. कोरीव खांबांपेक्षा त्या आकड्यांनी. कापडाचं काम करणाऱ्या लोकांवर एका राजाच्या जावयाने विश्वास टाकला, कारण त्यांची संघटना होती, त्यांचा दर ठरलेला होता आणि तो सगळ्यांना वाचता येईल असा दगडात कोरलेला होता. घरी आल्यावर मी एक दोनशे पानी वही घेतली आणि पहिल्या पानावर दर लिहिले: साधं झंपर दहा रुपये, अस्तराचं पंधरा, परकर सहा, फॉल-बीडिंग पाच. वही मशीनच्या बाजूला खुंटीला टांगली. आईला ते अजिबात आवडलं नव्हतं. "भाऊबंदांत शोभतं का हे?" असं तिचं म्हणणं. तिच्या बाजूने पाहिलं तर तिचंही खरं होतं. तिने ज्यांना फुकट शिवून दिलं त्यांनीच अण्णा बेकार असताना आमच्या घरी ज्वारीची पोती टाकली होती. तरी मी वही काढली नाही.

मुलींना शिवण शिकवावं, हा विचार मात्र पैशासाठी जन्मलेला नाही. पुण्यात 1884 साली हुजूरपागेची शाळा निघाली तेव्हा मुलींना काय शिकवावं यावरून मोठा वाद झाला. इंग्रजी, गणित, इतिहास की घर सांभाळायला उपयोगी पडणारे विषय? टिळकांच्या 'मराठा' पत्राने दुसरी बाजू लावून धरली, आणि त्या बाजूच्या यादीत शिवणकाम होतं. चांगली गृहिणी घडवायचं साधन म्हणून सुई शाळेत यावी, असा तो आग्रह. दुसरीकडे पंडिता रमाबाईंनी 1889 साली मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्याच वर्षी ते पुण्याला आणलं आणि नंतर केडगावला मुक्ती मिशन उभं केलं. तिथे निराधार बायकांना विणकाम, शिवणकाम, छपाई शिकवली ती पोट भरता यावं म्हणून. रमाबाई रानड्यांनी 1909 साली पुण्यात सेवासदन सुरू केलं, तिथेही शिवणाचे वर्ग होते आणि येणाऱ्या बायकांत विधवा होत्या, घरात ओझं समजल्या जाणाऱ्या होत्या. एकच सुई, पण तिच्याकडे पाहण्याच्या या दोन रीती तेव्हापासून बरोबरीने चालत आल्या. एक म्हणते मुलीला घरात शिवता आलं पाहिजे. दुसरी म्हणते शिवून तिला जगता आलं पाहिजे. खेड्यांत पोचली ती पहिली.

ती पोचवली सरकारने. 2 ऑक्टोबर 1952 ला सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला, 1953 साली दुर्गाबाई देशमुखांच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय समाजकल्याण मंडळ आलं, आणि गावोगावच्या महिला मंडळांत शिवणाचे वर्ग भरू लागले. 1962 साली जिल्हा परिषदा आल्यावर त्यांच्याकडे महिला-बालकल्याणाची कामं गेली आणि शिलाई मशीन वाटप ही आजही सगळ्यांना माहीत असलेली योजना झाली. शाळेत आम्हांला कार्यानुभवाच्या तासाला रुमालावर धावदोरा, उलटी टीप, साखळी टाका, काज शिकवायचे. मुलगे त्या तासाला बागेत आळी करायचे. टाका सरळ आला का हे बाई पट्टी लावून पाहत. त्या रुमालाला बाजारात काय मिळेल, हे शाळेत कुणीच बोललं नाही. मला या सगळ्या कामाबद्दल आदर आहे. त्या वर्गांनी हजारो बायकांच्या हातात कात्री दिली. पण दर सांगायला शिकवणारा तास त्यांत नव्हता, आणि त्याची किंमत माझ्या आईच्या पिढीने मोजली.

मशीनची स्वतःची गोष्टही इथे सांगायला हवी. आयझॅक सिंगरने 1851 साली पेटंट घेतलं, पण मशीन घरोघरी गेलं ते 1856 पासून कंपनीने हप्त्यावर विकायला सुरुवात केल्यामुळे. एकरकमी पैसे नसलेल्या बाईला कमावता कमावता फेडता येईल, अशी ही वस्तू होती. यंत्रांबद्दल इतके कठोर असलेल्या गांधीजींनी 1924 साली एका संवादात सिंगरच्या मशीनला अपवाद ठरवलं. बायकोचे कष्ट पाहून माणसाने ते केलं, अशी त्यांची समजूत होती. 1930 च्या दशकात कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंगने 'उषा' काढलं आणि देशी मशीन मिळू लागलं. आमचं मशीन 'उषा'च होतं, काळं, सोनेरी नक्षीचं, निम्मी नक्षी झिजलेली. वीज असो-नसो, पायाने चालायचं. आमच्या गावात भारनियमन रोजचंच होतं, त्यामुळे पायमशीनची किंमत मला चांगली ठाऊक आहे. रात्री कंदील डाव्या हाताला ठेवायचा, म्हणजे सुईवर हाताची सावली पडत नाही.

मशीनइतकंच महत्त्वाचं दुसरं काहीतरी घडलं, त्याबद्दल फारसं बोललं जात नाही. शिंप्याची विद्या घराण्याबाहेर आली. पूर्वी कापायचं कसं हे बापाच्या हाताकडे बघून मुलगा शिकायचा. कोकणातल्या झाराप गावाचं आडनाव लावणाऱ्या झारापकरांनी मुंबईत टेलरिंग कॉलेज काढलं आणि कटिंगची आपली पद्धत पुस्तकात मांडली. ते पुस्तक मराठी मुलुखाबाहेरही गेलं. मी मंचरला ज्या बाईंकडे क्लासला जायचे त्यांच्या टेबलावर त्याची पानं सुटलेली प्रत होती. छातीचं एक माप नीट घ्यायचं, मग चौथा भाग, सहावा भाग, बारावा भाग असं करत ब्राऊन पेपरवर मुंढा, गळा, खांदा उतरवायचा. मी कुणब्याची मुलगी, माझ्या घराण्यात कुणी शिंपी नव्हता, आणि अपूर्णांक येत होते एवढ्या भांडवलावर मला कटोरी ब्लाउज कापता येऊ लागला. पहिल्यांदा पेपर कापडावर ठेवून खडूने रेघ मारली आणि कडेने माया सोडून कात्री चालवली तेव्हा हे काम आता कुणी माझ्याकडून काढून घेऊ शकत नाही, असं वाटलं होतं. अजूनही नवी मुलगी पहिलं कटिंग करते तेव्हा मी तिच्या चेहऱ्याकडे बघते.

कॉलेज सकाळचं असायचं. दुपारी घरी येऊन जेवलं की मशीन. मंचरचं अण्णासाहेब आवटे महाविद्यालय रयत शिक्षण संस्थेचं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 4 ऑक्टोबर 1919 ला काले गावी संस्था स्थापन केली आणि 'कमवा आणि शिका' ही त्यांची शिकवण सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. शेतात, बागेत, वाचनालयात तासावर काम करून शिकलेली मुलं मी पाहिली. त्यांच्या तासांची नोंद व्हायची, महिन्याला सही करून पैसे मिळायचे. त्या नोंदीची मला ओढ वाटायची. माझी कमाई घरातल्या पडवीत होती, तिथे मजूर मी, मुकादम मी आणि कारकूनही मी. लग्नसराईत रुखवताच्या, मानाच्या साड्यांची झंपरं, जूनमध्ये गणवेश, दिवाळीत मुलींचे फ्रॉक. परीक्षा नेमकी लग्नसराईत यायची. तेव्हा आई शिवायची, मी रात्री नुसती काजं करत करत आर्थिक इतिहासाच्या नोट्स समोर ठेवून वाचायचे.

वहीने हळूहळू काम केलं. दर लिहिलेला असला की मागावा लागत नाही, तो दाखवता येतो. गावातल्या आज्या सगळ्यांत आधी तयार झाल्या. एक आजी चष्मा लावून वही वाचायची आणि कनवटीचे दहा रुपये काढून मशीनवर ठेवायची. म्हणायची, "लिवलंय ना, मग लिवल्यापरमानं घे." अडचण यायची ती जवळच्या नात्यात. एका काकूने तर वर्षभर आमच्याकडे शिवायलाच टाकलं नाही. पण एसटीचा पास, फॉर्मची फी, पुस्तकं, हे सगळं वहीतून निघत होतं आणि अण्णांपुढे हात पसरावा लागत नव्हता. शेवटच्या वर्षाला असताना आईने एका नणंदेला सहज सांगितलं, "वहीत काय लिवलंय ते बघा." तोवर दर बारा झाला होता.

त्याच काळात मी एका दुकानासाठी परकर शिवून दिले. कापड कापून गठ्ठ्याने घरी यायचं, डझनावर पैसे. दोरा माझा, नाडी माझी, मशीनचं तेल माझं. टीप वाकडी दिसली की परकर परत, आणि उसवून पुन्हा शिवलेल्याचे पैसे नाहीत. दर मी ठरवत नव्हते, तो दुकानदाराच्या तोंडात होता आणि बोलता बोलता बदलायचा. दिवाळीनंतर मी ते काम सोडलं. घरात बसून काम केलं तरी ते घरचं काम राहत नाही, हे मला तेव्हा लख्ख कळलं. पुढे वाचनात आलं की हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयात जाऊन आला होता. हैदराबादच्या सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाउसच्या खटल्यात 1973 साली न्यायालयाने सांगितलं की नगावर पैसे घेणारा आणि कधी कापड घरी नेऊन शिवणारा शिंपीही दुकानाचा कामगार ठरू शकतो. काम नापसंत करून पुन्हा शिवायला लावायचा अधिकार मालकाकडे आहे, हे त्यातलं एक मोठं कारण. त्या दुकानात मशीनं मालकाची होती. माझं मशीन माझंच होतं, म्हणजे तो निकाल मला लागू पडला असता का, कोण जाणे. पण उसवून परत शिवलेल्या परकरांची आठवण त्या ओळी वाचताना झाली.

अहमदाबादेत इला भट्टांनी 1972 साली 'सेवा' उभी केली आणि चिंध्या जोडून गोधड्यांचे अभ्रे शिवणाऱ्या बायकांना संघटित केलं. त्यांच्यासारख्या संघटनांच्या रेट्यामुळे 1996 साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरबसल्या काम करणाऱ्यांसाठी 177 क्रमांकाचा करार मंजूर केला. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. आमच्याकडे महिला आर्थिक विकास महामंडळ 1975 पासून आहे, बचत गट गावोगाव आहेत, 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या 18 व्यवसायांत शिवणकाम आहे, प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला 500 रुपये आणि साहित्यासाठी 15,000 रुपयांपर्यंत मिळतात. आयटीआयमध्ये 'कटिंग अँड सुइंग'चं 'सुइंग टेक्नॉलॉजी' झालं. शिकायच्या वाटा माझ्या वेळेपेक्षा कितीतरी जास्त आहेत.

माझ्याकडे येणाऱ्या मुलींत पश्चिम पट्ट्यातल्या बऱ्याच असतात. आहुपे, तळेघर, डिंभ्याच्या पाण्याकाठची गावं. महादेव कोळी समाजाच्या मुली, घोडेगावला वसतिगृहात राहून शिकणाऱ्या. त्यांच्या घरी उन्हाळ्यातला मोठा पैसा हिरड्याचा. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं, घरांची कौलं उडाली, हिरड्याची झाडं मोडली. कोरोनामुळे वसतिगृहं आधीच बंद होती. त्यांच्यातली एक मुलगी तेव्हा अकरावीत होती. ती घरी बसून मोबाइलवर बघून शिवायला शिकली, रेंज मिळायची तिथे टेकाडावर जाऊन व्हिडिओ उतरवून घ्यायची. बचत गटाला मास्कची ऑर्डर आली त्यात तिने शिवलं. नंतर माझ्याकडे आली ती अपुरं शिकलेलं पुरं करायला. बाही बसवताना तिच्या मुंढ्यात झोळ यायचा. तो कशामुळे येतो, हे मोबाइलवर कुणी तिला सांगितलं नव्हतं, कारण तिचा मुंढा मोबाइलला दिसत नव्हता. ते दोन दुपारचं काम. दर मात्र तिचा आधीच ठरलेला होता, आणि ती तो माझ्यासमोर गिऱ्हाइकाला सांगत होती: अस्तराचं ब्लाउज अडीचशे, उद्या हवं असेल तर तीनशे, निम्मे आधी. एवढ्या सहज सांगताना मी माझ्या पिढीतल्या कुणाला ऐकलेलं नाही. मला तिचा फार अभिमान वाटला.

क्लासमध्ये मी आता कटिंगच्या आधी हिशेब शिकवते. रीळ किती मीटरची, एका ब्लाउजला दोरा किती जातो, हूक, अस्तर, ओव्हरलॉकचे पैसे, वीज, आणि मग स्वतःचे तास. मुली कंटाळतात, त्यांना लवकर कात्री हवी असते. तरी घेते. प्रत्येकीला वही करायला लावते आणि पहिलं पान दराचं.

सध्या आमच्याकडे गणवेशाचं चाललं आहे. 2024-25 साली 'एक राज्य एक गणवेश' म्हणून कापड एका ठिकाणी कापून बचत गटांकडे शिवायला पाठवलं गेलं. मापं जुळली नाहीत, पावसाळा सरला तरी कित्येक शाळांत कपडे पोचले नव्हते. गावातल्या बाईला काम मिळावं हा हेतू चांगला होता, पण माप घेणं हा शिवणाचा जीव आणि तोच तिच्या हातून काढून घेतलेला होता. मुलाच्या अंगाला टेप न लावता त्याची चड्डी शिवायची कशी? त्या वर्षाच्या डिसेंबरात निर्णय फिरला आणि अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आले. समग्र शिक्षा अभियानात एका मुलाला दोन गणवेशांचे 600 रुपये, म्हणजे एका जोडाला 300. त्यातच कापड, बटणं, चेन आणि शिलाई.

आमच्या मुलींनी तीनशेची फोड केली. घाऊक कापडाचा भाव त्या मंचर आणि नारायणगावात फिरून काढून आल्या. चौथीच्या मुलाला कापड किती, सातवीच्या मुलीला किती, याचा तक्ता केला. लहान मुलाच्या जोडात शिलाई बरी सुटते, मोठ्या मुलीच्या सलवार-कमीजमध्ये हाताला जवळजवळ काही उरत नाही, हे आकड्यांत दिसलं. एकीचं म्हणणं सरसकट दर द्यावा, लहान-मोठं सांभाळून घेता येईल. दुसरी म्हणाली, मग मोठ्या वर्गांचीच शाळा गळ्यात पडली तर? शेवटी त्यांनी दोन गट केले, पाचवीपर्यंतचा वेगळा दर, वरचा वेगळा, आणि शाळेत येऊन प्रत्येक मुलाचं माप घ्यायचं ही अट पहिल्या ओळीत घातली. ते पत्रक घेऊन त्या मुख्याध्यापकांकडे जाणार आहेत. समितीची बैठक पुढच्या आठवड्यात आहे.